विलायतेला निघालेला आमचा अर्ज

आदरणीय मामा,

अयोध्याचा जयभीम. हे पत्र वाचून दाखवणाऱ्या कंपाउंडरभाऊंनाही जयभीम. गुडघा कसा आहे? दवाखान्याच्या पायऱ्या सावकाश चढा. आम्ही सुखरूप आहोत. गेल्या महिन्यापर्यंत नव्हतो, पण खोटं कसं लिहू म्हणून लिहिलंच नाही. काल सिदूदादानं भरपगार आईच्या हातावर ठेवला, तेव्हा लिहायला बसले.

दादाला सूतगिरणीनं घेतलं ते संघात चेंडू टाकायला. हजेरीपटावर हमाल, काम मैदानावर. अकराही जणांचं तसंच. झेल घेताना दादाचं बोट मोडलं, तेव्हा मात्र गिरणी म्हणाली, हा खेळ झाला, काम नव्हे, रजा बिनपगारी. मग अकराजणांनी गुपचूप खेळाडूंची संघटना काढली. विलायतेत क्रिकेटवर पोट असणाऱ्यांची संघटना आहे, ती त्यांच्या वतीनं भांडते, हे मीच त्यांना वर्तमानपत्रातून वाचून दाखवलं होतं. "अयोध्ये, त्यास्नी लिही. म्हणावं, आमाला बी तुमच्यात घ्या," दादा म्हणाला. घरात शिकलेली मी एकटीच.

मी डिक्शनरी घेऊन इंग्रजीत अर्ज लिहिला, त्यात बिनपगारी रजेची तक्रारही घातली. गुरुजींनी शिकवल्याप्रमाणं वर 'योग्य मार्गाने', म्हणजे वरच्या साहेबांच्या हातून, असंही लिहिलं. आणि लिहिलं म्हणून तसाच दिला, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्या चेअरमन शरणबसप्पांच्याच कचेरीत (पोच घेतली). पोच बघून दादा मटकन खाली बसला. "लई शिकली गं बाई! आता अकरा घरच्या चुली इझव," आई म्हणाली. मी दोन दिवस जेवले नाही (अर्धी भाकरी खाल्ली होती).

तिसऱ्या दिवशी चेअरमनसाहेबांनी सगळ्यांना बोलावलं, मलाही. ते म्हणाले, "माझ्या गिरणीचं नाव विलायतेला जाणार, ते असं? बिनपगारी म्हणून? खोड ते पोरी!" तिथंच त्यांनी दादाची रजा भरपगारी केली, अर्जावर शिफारशीचा शिक्का मारला आणि विमानाच्या टपालानं धाडला. मामा, त्या दिवशी मी दोन भाकरी खाल्ल्या.

तुमची भाची,
अयोध्या

ता. क. परवा विलायतेहून उत्तर आलं. मैदानावर सगळ्यांसमोर मलाच वाचायला लावलं. मला एक ओळ उमजेल तर शपथ! पण सगळे तोंडाकडं बघत होते, म्हणून 'घेतलं आपल्याला' असं सांगून बसले. चेअरमनसाहेबांनी पेढे वाटले. पत्र सोबत जोडलंय, डॉक्टरांकडून वाचून घ्या. कंपाउंडरभाऊंनी कुठं बोलू नये.

ता. क. घेतलं नसेल, तर रविवारनंतर कळवा. रविवारी आमचा सत्कार आहे.