देवाप्पाची पट्टी

बेंगळूर,
सोमवार, १९ ऑगस्ट १९९६

ती. सौ. अक्का यांना नयनाचा नमस्कार.

आनेकलला सगळे बरे असाल. शिवानीची शाळेतली चाचणी झाली. इथे पाणी एक दिवसाआड येतं. खुशालीचं एवढंच.

तुमच्या भावाच्या मोडलेल्या नडगीत पू झाला आहे. हाडाच्या पोकळीत घातलेली सळई काढून आतून धुवावं लागेल, मग बाहेरून लोखंडी चौकट, निदान सहा महिने. पाय राहील ना, असं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "बघू."

हे "बघू" तुमच्यामुळे ऐकलं, अक्का.

ऑपरेशन चांगलं झालं होतं. त्याच दिवशी सळई घातलेले पीण्या वसाहतीतले मानसिंग परवा एका काठीवर चालत तपासणीला आले. आम्हालाही सांगितलं होतं, जखम कोरडी ठेवा, स्वल्प स्वल्प वजन टाका. तुम्ही म्हणालात, "तुझी नोकरी आहे, महिनाभर मी बघते." आणि हाडं बसवणाऱ्या देवाप्पाला बोलावलंत! टाक्यांवर अंडं आणि उडदाचं पीठ फासून वर बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या. का, तर "आत लोखंड असलं की हाड आळशी होतं, बाहेरून धाक हवा." हाड म्हणजे काय तुमची सून आहे?

तुमच्या घरात तीन पिढ्यांचे हातपाय त्यांच्याकडेच जुळले, मान्य. पण इथे कातडी कापलेली होती, अक्का!

पट्टी कापली तेव्हा नर्सनं तोंड फिरवलं. डॉक्टरांनी विचारलं, "कुणी बांधली?" मी सगळ्यांसमोर तुमचं नाव घेतलं. तुमचा भाऊ म्हणाला, "नयनाला माहीत नव्हतं हो. असतं तर तिनं होऊ दिलं नसतं."

मी गप्प राहिले.

त्या महिन्यात एका रविवारी मी आनेकलला आले तेव्हा ते झोपले होते. मी येऊन गेले, एवढंच त्यांना ठाऊक. मी चादर सरकवली होती, पट्टी पाहिली होती. वास आला होता. तुम्ही म्हणालात, "औषधाचा आहे." मी म्हटलं, "सरी, अक्का, ठीक आहे." तिथल्या तिथे उठवून आणायला हवं होतं. पण आणलं असतं तर पुन्हा बेडपॅन, पुन्हा रजा, पुन्हा साहेबांची बोलणी. परतीच्या बसमध्ये मी गाढ झोपले, कितीतरी दिवसांनी.

तुमच्यावरचा राग यानं कमी होत नाही. उलट वाढतो.

शुक्रवारी सकाळी आठला त्यांना आत नेतील. त्याआधी मी हे त्यांना सांगणार आहे. तुम्ही तिथे हव्यात. ते जे बोलतील ते दोघींनी उभं राहून ऐकायचं.

रागात, तरी तुमचीच,
नयना