धाकटीचे केस

बाबा,

गुढीपाडवा होऊन तेव्हा आठ-दहा दिवस झाले असतील. त्या सकाळी मी अंगणात निंबाखाली पोतं अंथरून बसलो आणि एका लहानशा कुत्र्याचे केस विंचरले. कुत्रं माझ्या लेकीचं. तिला तुम्ही पाहिलेलं नाही, ती जन्मली तेव्हा तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली होती. तिचा नवरा पाटबंधारे खात्यात आहे. बदली होऊन गेलेल्या कोण्या अधिकाऱ्याने हे कुत्रं त्यांच्या गळ्यात घातलं, आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा ती त्यालाही टोपलीत घालून एस.टी.ने घेऊन आली. पांढरं, मांजराएवढं, डोळ्यांवर केस आलेलं. तिला आता वाकवत नाही, तिची आई कुत्र्याला शिवत नाही, म्हणून ते माझ्या वाट्याला आलं. आपल्या वाडीतल्या गोखरूच्या काट्यांनी त्याच्या केसांचे गोळे झाले होते.

मी कानामागून सुरुवात केली. गुंता कातडीपाशी डाव्या हाताच्या चिमटीत धरला, फणी टोकाकडून घातली, थोडं सुटलं की जरा वर, मग आणखी जरा वर. कुत्र्याने मान माझ्या गुडघ्यावर टाकली. लेक ओसरीवर पाय पसरून पाहत होती. ती म्हणाली, "अप्पा, तुमाले हे कोनं शिकवलं?" तिच्या घरी खात्याचा एक शिपाई आहे, साहेबांचं कुत्रं म्हणून तो अगदी जपून विंचरतो, तरी हे त्याला चावतं, असं तिने सांगितलं. "भिऊन विंचरते ना तो. भ्यालेला हात याले बरोब्बर समजते." ती सहज बोलली आणि शेवग्याच्या शेंगा सोलायला लागली. माझी फणी मात्र तिथेच थांबली. ते वाक्य तेव्हापासून माझ्या मागे आहे, म्हणून तुम्हाला लिहितो.

तुम्ही खामगावच्या एका जिनिंगमध्ये कारकून होता आणि आपण तिथून कोसभरावर, याच गावात, याच घरात राहत होतो. जिनिंगचा गोरा मॅनेजर बायकोसह विलायतेला निघाला, तेव्हा मडमेच्या कुत्रीचं काय करायचं असा प्रश्न आला. तुम्ही स्वतःहून पुढे झालात, असं पुढे तुमच्या सोबतच्या लोकांनी मला सांगितलं. फाल्गुनातली दुपार होती. तुम्ही बैलांच्या दमणीतून उतरलात तेव्हा कुत्री तुमच्या काखेत होती आणि छत्री तिच्यावर धरलेली होती. तुमचं कपाळ उन्हाने लाल झालं होतं. सोबत एक पेटी, त्यात ब्रश, दोन फण्या, वासाचा साबण आणि चिनीमातीची वाटी. मी आणि माझी बहीण, आपली धाकटी, त्या वाटीला हात लावायला गेलो, तर तुम्ही आमच्या हातावर चापट मारलीत.

दुसऱ्या दिवसापासून घराचा क्रम बदलला. तुम्ही सोवळं पाळणारे, कुत्रीला शिवल्यावर आंघोळ केल्याशिवाय देवाला हात लावणं शक्य नव्हतं. म्हणून आधी कुत्री, मग आंघोळ, मग पूजा. उजाडता उजाडता तुम्ही निंबाखाली बसता. ओल्या फडक्याने तिच्या डोळ्यांच्या कडा पुसता. बोटांनी पोटाखालची गोचीड शोधता, तंबाखूच्या पाण्याचा बोळा लावून ती सैल करता आणि मग उचलता. खोबरेल तेलाचा एक थेंब तळहातावर चोळून गरम करता, आणि तो हात तिच्या पाठीवरून फिरतो. मग फणी. घशातल्या घशात तुम्ही काहीतरी गुणगुणता. तिचं खाणंही तुम्हीच करायचात. भाकरीचा पापुद्रा काढून आतला मऊ भाग दुधात कुस्करायचा, दूध करंगळी बुडवून पाहायचं. वाटीतून ती खात नसे, तर तळहातावरून भरवायचं. मी आणि धाकटी पायरीवर बसून हे रोज पाहत होतो. तुमच्या तळहातावर एवढी जागा असते, हे आम्हाला तेव्हाच कळलं.

गल्लीत तुम्हाला कुत्रीवाले बाबू म्हणू लागले. कोणी विचारायचं, सायबाची सासू जेवली का? माय त्यांच्यासमोर हसायची आणि चुलीपुढे येऊन म्हणायची, "आंधी कुत्री, मंग देव, मंग आपन. असं घर म्या पाह्यलं नोतं." तरी ती गोष्ट हसण्यावारी जात होती. धाकटीला ताप येईपर्यंत.

ज्येष्ठ लागला होता, पाऊस अजून नव्हता. ताप उतरेना. वैद्यांनी पाहून मुदतीचा ताप सांगितला आणि पातळ पेजेवर आणि दुधावर ठेवायला सांगितलं. आपली गाय आटलेली होती. गावात त्या दिवसांत जास्तीचं दूध शोधून सापडत नव्हतं. एक रतीब घरात येत होता, तो साहेबाच्या पैशाचा, कुत्रीचा. मायने त्यातलं अर्धं धाकटीला द्यायचं म्हटलं. तुम्ही नाही म्हणालात, दूध आपलं नाही, दुसऱ्याची ठेव आहे, ठेवीतलं काढून खाणं पाप आहे. माय म्हणाली ठेव तर चांगली खाऊनपिऊन आहे, लेकरू उपाशी आहे. तेव्हा तुम्ही देव्हाऱ्यातल्या दत्ताच्या तसबिरीकडे बोट दाखवलंत आणि त्याच्याही पायाशी कुत्रीच आहेत असं काहीतरी बोललात. माय तसबिरीकडे पाहत म्हणाली, "त्याच्या मांगं गाय बी हाये. तिले म्हना, माह्या लेकीले दूध दे."

दुसऱ्या दिवशी खामगावहून तांब्याभर दूध आणलंत. उन्हातून येताना ते नासलं होतं. हे मी विसरलेलो नाही. दुधाने ती वाचली असती, असंही मी म्हणत नाही. त्या तापाने घरोघरची लेकरं गेली, दूध पिणारीही गेली. दुधाचं मी तुम्हाला कधीच सोडून दिलं आहे.

केसांचं सोडता येत नाही. धाकटीचे केस लांब होते. बरेच दिवस अंथरुणात पडून, घामाने भिजून, त्यांचा मागे एक गठ्ठा झाला होता. मायला पाणी भरणं, चूल, ताप उतरवायला कपाळावर घड्या ठेवणं यातून उसंत नव्हती, आणि ती फणी लावायला गेली की धाकटी ओरडायची. एका सकाळी वारा लागावा म्हणून तिची बाज ओसरीवर आणली. तुम्ही निंबाखाली होता. ती कुशीवर वळून तुमच्याकडे पाहत राहिली, पुष्कळ वेळ. मग म्हणाली, "बाबा, माह्याबी केसाले फणी करा ना. तिच्यावानी. तिले दुखत नाही."

तुम्ही मान वर केली नाही. म्हणालात, "आता माह्ये हात कुत्रीचे हायेत."

"आंगुळ झाल्यावर?"

"मंग पूजा हाये."

पूजेनंतर काय, हे तिने विचारलं नाही. सहा-सात वर्षांच्या पोरीलाही कुठे थांबायचं ते समजतं. ती पुन्हा सरळ झाली आणि ओसरीच्या आढ्याकडे पाहत पडून राहिली. मी पायरीवर होतो. तुम्ही कुत्रीच्या कानामागचा गुंता सोडवत होता, डाव्या चिमटीत धरून, टोकाकडून.

आषाढाच्या सुरुवातीला ती गेली. गुंता शेवटपर्यंत सुटला नाही. तिला न्यायच्या आधी मायने विळीवर घेऊन तो कापला, कारण तसे केस घेऊन लेकीला पाठवायचं तिच्या जिवावर आलं. घरात सुतक. देव बंद, दिवा नाही, तसबिरीवर फूल नाही. तिसऱ्या दिवशी उजाडताना मी ओसरीवर आलो तर तुम्ही निंबाखाली बसलेले. गुणगुणणं नव्हतं, ते मी तुमच्या बाजूने सांगतो. पण फणी चालली होती. सुतकात देवाची पूजा थांबली आणि कुत्रीची थांबली नाही. माय दारात आली, तिने पाहिलं आणि आत गेली. त्यानंतर ती तुमच्याशी कामापुरतंच बोलली, ते तुम्ही जाईपर्यंत.

दिवाळीनंतर साहेब परत आला. तुम्ही कुत्री पोचवून आलात ते त्याचा जुना लोकरी कोट घेऊन. कुत्रीच्या अंगावर तुकतुकी आहे, असं मडम म्हणाली, हे तुम्ही ओसरीवर बसलेल्या चार लोकांना सांगितलंत. पुढचे सगळे हिवाळे तुम्ही तो कोट घातला. मायने तो एकदाही धुतला नाही. आणि कुत्री गेल्यावर कितीतरी सकाळी तुम्ही निंबाखाली तसेच बसायचात, मांडीवर रिकामे हात ठेवून. मला वाटायचं, धाकटीची आठवण येते.

मी मोठा झालो, मला मुलंबाळं झाली, आणि मी तुमच्यासाठी एक समज तयार केला. गोऱ्या साहेबाची नोकरी, घरात खाणारी तोंडं, कुत्रीचं काही कमीजास्त झालं तर घर बसणार. भीतीने माणूस काय करत नाही? मी स्वतःला सांगितलं की तुम्ही भ्यालेले होता. मायला एकदा हे बोललो तर ती म्हणाली, "भेव होतं म्हनतं? असंन बा." आणि सुपातल्या ज्वारीतले खडे वेचत राहिली. तिला ठाऊक होतं. तिने मला ते सांगितलं नाही, एवढी ती भली होती. या समजावर मी तुमचं सगळं केलं. दरवर्षी श्राद्धाला तुमच्या नावाने जेवू घातलं, आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, कुंभाराकडून नवी घागर आणून तुमच्यासाठी पाणी भरलं. मनात काही न ठेवता केलं.

आणि मग त्या सकाळी पोरगी शेंगा सोलता सोलता ते बोलून गेली. बाबा, केस चकचकीत दिसावेत एवढंच साहेबाला हवं होतं. गुंता ओढून काढला काय किंवा कात्रीने कापला काय, तो विलायतेत बसून थोडाच पाहणार होता. कातडीपाशी चिमटीत धरायचं, म्हणजे ओढ लागत नाही, हे त्या पेटीत लिहून आलेलं नव्हतं. तेल तळहातावर गरम करायचं, हे कोणी तुम्हाला सांगितलं नव्हतं. ती कुत्री तुमच्या गुडघ्यावर मान टाकून झोपायची. भ्यालेल्या हाताखाली ती झोपली नसती. म्हणजे तुमच्या हातात माया होती. भरपूर होती. मी इतकी वर्षं समजत होतो की ती तुमच्याकडे नव्हतीच, आणि जे नाही ते कुठून देणार म्हणून मी तुम्हाला माफ केलं होतं. ती होती, रोज सकाळी आमच्या डोळ्यांदेखत खर्च होत होती, आणि मागितल्यावरही मिळाली नाही. निंबाखालचे ते रिकामे हात कोणासाठी होते, हे आता मला विचारावंसं वाटत नाही.

आज आखाजी. पितरं या दिवशी पाण्याला येतात, ज्यांची घागर भरत नाही ते वर्षभर तहानलेले राहतात, असं आपण मानतो. शिकलेले लोक याला हसतात. मी हसत नाही, बाबा. मी रोज हरिपाठ म्हणतो, एकादशी मोडत नाही, आणि तुम्ही येता हे मी खरं मानतो. हा कागद तुमच्यापर्यंत पोचणार नाही आणि पोचवायची सोय असती तरी मी तो दिला नसता, पण घागर पोचते हे मला ठाऊक आहे. म्हणूनच कुंभाराच्या ओट्यापुढे काल मी बराच वेळ उभा होतो. मायची घागर घेतली. दुसरी घेतली ती लहान, लेकराला उचलेल एवढी.

आज सकाळी दोन्ही मांडल्या, वाळा घातलेलं पाणी भरलं, वर खरबुजासारखं डांगर ठेवलं. घरधनीण पुरणाचा घाट घालत होती, तिने मागे वळून पाहिलं. "मामंजीची घागर कुठी हाये?" मी म्हटलं, नाही आणली. ही लहान कोणाची विचारलं तर मी सांगितलं. ती हळूच म्हणाली, "लेकराची घागर कोनी भरते का? लेकरं पितरात नसतात." मी म्हटलं, "यंदापासून हाये." तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ती पुन्हा पुरणाकडे वळली. लेक भिंतीला टेकून बसली होती, तिला यातलं काही माहीत नाही. तिला मी सांगणारही नाही.

चुलीतले निखारे बाहेर ओढले. पितराचं नाव घेऊन आगारी टाकावी लागते, घास निखाऱ्यावर ठेवायचा आणि वरून तूप. पहिला घास मायचा. दुसऱ्याला मी धाकटीचं नाव घेतलं. मोठ्याने घेतलं, या घरात ते नाव तिच्यानंतर कोणी उच्चारलं नव्हतं. दरवर्षी एक घास तुमचाही असतो, यंदा तो टाकला नाही. मी हात धुतले आणि पाटावर येऊन बसलो. मला वाटलं होतं घशाखाली काही उतरणार नाही. खरं सांगतो, जेवण गोड लागलं.