इंजिन नंबर जुळत नाही

मी, हंबीरराव दत्ताजीराव इंगवले, वय वर्षे शहात्तर, धंदा मोटार दुरुस्ती (दहा वर्षांपासून बंद), राहणार कसबा बावडा, कोल्हापूर, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. उजवा हात नाही. तो २०१२ साली अर्धांगवायूनं गेला, म्हणून मी सांगतोय आणि वकीलबाई अवंतिका शिर्के लिहून घेतायत. मला कुणी धाक घातलेला नाही, की गोड बोलून भुलवलेलं नाही. गोड बोलायला घरात कुणी उरलेलंही नाही. “हे मृत्युपत्रात बसत नाही,” असं वकीलबाई आतापर्यंत तीनदा म्हणाल्या. जन्मभर न बसणारी वस्तू मी कधी ठोकून बसवली नाही, पण एवढं बसवा म्हटलं. मागच्या वर्षी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. ते का रद्द केलं ते कलम पाचमध्ये येईल.

कलम १. बावड्यातलं दोन खोल्यांचं घर आणि मागची गॅरेजची शेड माझ्या कमाईची आहे, वडिलोपार्जित नाही. हे दोन्ही माझ्या थोरल्या भावाचा मुलगा यशराज याला द्यावं. तो मला उचलून खुर्चीत बसवतो, आंघोळ घालतो आणि वर माझी बोलणीही खातो. शेड पाडून तो मोबाईलचं दुकान काढणार हे मला ठाऊक आहे. खुशाल काढावं. शेडच्या दारावर ‘येथे फक्त ओरिजिनल काम होईल’ अशी पाटी आहे, ती मात्र मी जिवंत असतानाच उतरवावी.

कलम २. बँकेतली ठेव बयाबाई कांबळे यांना. पत्नी कै. संयोगिता २०१९ साली गेली, तेव्हापासून बयाबाई माझी भाकरी आमटीत कुस्करून देतात. दोनदा मी ताटली भिरकावली. दोन्ही वेळा त्यांनी दुसरी वाढून आणली. नात्यातल्या कुणी या ठेवीवर डोळा ठेवू नये.

कलम ३. दोन जुने कार्ब्युरेटर बिस्किटांच्या डब्यात आहेत. ते राजारामपुरीचे विजयसिंह माने यांना द्यावेत. त्यांना मी दहा वर्षं रामराम घातलेला नाही. दर रविवारी सकाळी रंकाळ्यावर जुन्या छोट्या गाड्या घेऊन जी मंडळी जमतात, त्यांच्यात दोन तट आहेत. एक तट म्हणतो, जुन्या गाडीत नवं इंजिन घालणं म्हणजे तिचा खून. दुसरा म्हणतो, गाडी रस्त्यात उभी राहून धूर ओकण्यापेक्षा नवं इंजिन घालून पळालेली बरी. पहिल्या तटाचा म्होरक्या मी. विजयसिंहांनी आपल्या मारुती आठशेत फ्युएल इंजेक्शनचं नवं इंजिन घालून घेतलं आणि त्या दिवसापासून ते मला मेले. त्यांच्या गाडीला या कार्ब्युरेटरांचा काडीचा उपयोग नाही, म्हणूनच ते त्यांना देतोय. मात्र त्यांची आठशे गगनबावड्याचा घाट आजही न तापता चढते, असं मी ऐकून आहे. हे सांगताना मला त्रास होतोय. तरी लिहा, वकीलबाई.

कलम ४. हत्यारं. पानं, टॉर्क रेंच, फीलर गेज, लाकडी कपाटाचे तिन्ही खण. ही हत्यारं माझी एकुलती एक मुलगी अनुजा हिची व्हायची होती. तिनं ऑटोमोबाईलचा डिप्लोमा केला होता, पण त्याच्या कितीतरी आधी, परकर नेसायच्या वयातच तिला स्पार्क प्लग ओळखता यायचे. मी आजारी पडल्यावर शेड तिनंच चालवली. मी खुर्चीत बसून चुका काढायचो.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. ती म्हणायची, “आबा, गाडी देव्हाऱ्यात ठिवायची असंल तर ऱ्हाऊ दे की जुनं इंजिन. रोज पोरंबाळं घिऊन जायाचं असंल तर बिरेक लागाय पायजे आनि पयल्या चावीला सुरू व्हाय पायजे.” माझं म्हणणं असं की, चासी आणि इंजिन यांचे नंबर एका पुस्तकात शेजारी शेजारी लिहिलेले असतात. त्यातलं एक काढलं की मागं उरतं ते नुसतं वाहन.

मे २०१५ मध्ये तिनं मला न विचारता विजयसिंहांच्या आठशेत ते नवं इंजिन बसवलं, ब्रेकला बूस्टर लावला. मी चार गिऱ्हाइकांदेखत ओरडलो, “ज्या हातानं दुसऱ्याचं इंजिन ह्या चासीत कोंबलंस, त्या हातानं माझ्या हत्याराला शिवायचं न्हाय.” एवढ्यावर थांबलो नाही. यशराजला माझी स्वतःची आठशे सुरू करायला लावली. तिला म्हटलं, “ऐक हे. एकोणतीस वर्सं झाली, जन्माचं इंजिन हाय. असला आवाज तुज्या हातनं ह्या जन्मात निघायचा न्हाय.”

इंजिन बंद होईपर्यंत ती बॉनेटवर हात ठेवून उभी होती. माझ्याकडं बघितलं, मग आईकडं बघितलं. संयोगितानं मान खाली घातली. अनुजानं साबणानं हात धुतले आणि गेली. मला वाटलं, मी जिंकलो. दुसऱ्या दिवशी उद्यमनगरातल्या ओळखीच्या गॅरेजवाल्यांना मी फोन करून सांगितलं, हिला काम देऊ नका. माझा शब्द तेव्हा चालायचा. कुणीच दिलं नाही.

हत्यारं आता यशराजला. तो ती विकेल.

कलम ५. मारुती आठशे, १९८६ सालची, पांढरी. १९८९ साली मी ती सेकंडहँड घेतली. अनुजा जन्मली तेव्हा तिला दवाखान्यातून घरी आणलं ते याच गाडीतून. मागच्या मृत्युपत्रात ही गाडी रंकाळ्यावरच्या मंडळींना दिली होती, खरं इंजिन कसं असतं ते पुढच्या लोकांना कळावं म्हणून. गेल्या महिन्यात वकीलबाई म्हणाल्या, कागदात गाडीचे दोन्ही नंबर नीट तपासून घालू. यशराजनं रॉकेलनं ब्लॉक पुसला, नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि छाप आणून दिला. आरसी बुकातल्या नंबराशी तो जुळेना. त्याला आंधळा म्हटलं. तीनदा छाप काढायला लावला. शेवटी खुर्चीसकट शेडमध्ये गेलो आणि भिंग लावून स्वतः वाचला. ते इंजिन माझ्या गाडीचं नव्हतं.

त्याच दिवशी अनुजाला फोन केला. ती नाशिकला एका विमा कंपनीच्या ऑफिसात असते. फोन उचलते, विचारलं तेवढंच बोलते.

मी विचारलं, “आठशेचं इंजिन तू बदललंस व्हय?”

ती म्हणाली, “हो. तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा.”

मग तिनं सगळं सांगितलं. मी अत्यवस्थ होतो, डॉक्टरांनी तातडीनं बोलावलं होतं. वाटेत रेडिएटरचा पाइप फुटला. तापमानाचा काटा चढलेला दिसत होता तरी ती थांबली नाही. गाडी दवाखान्याच्या दारात पोचली आणि इंजिन जाम झालं. ब्लॉकला चीर गेली होती, जोडण्यासारखी नव्हती. हातकणंगल्याच्या भंगारवाल्याकडून तिनं नंतरच्या सालचं इंजिन आणलं, आठ दिवस खपून बसवलं, वर माझाच कार्ब्युरेटर आणि माझंच झाकण चढवलं. ठिणगी पाडणारे जुने पॉइंट दर काही महिन्यांनी झिजतात, ते काढून आत इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातलं. आईनं उजेडाला बॅटरी धरली. माझ्या गाडीचे पॉइंट झिजतच नाहीत, म्हणून मी तेरा वर्षं रंकाळ्यावर मिशीला पीळ देत होतो. हात गेल्यामुळं झाकण कधी उघडलं नाही. नुसता शेजारच्या सीटवर बसून ऐकायचो.

मी म्हटलं, “मग त्या दिवशी बोलली का न्हाईस? एका शब्दात माजं त्वांड बंद झालं असतं की.”

“तुम्हाला घरी आणलं तेव्हा तुम्हाला बोलता येत नव्हतं, आबा. गाडीत बसवलं, चावी फिरवली आणि तुम्ही हसलात. महिन्याभरात पहिल्यांदा. ते मी परत कसं काढून घेणार होते?”

‘घेणार होते’ म्हणाली. इथं असताना कोल्हापूरच्या पोरींसारखी ‘मी जातो, मी करतो’ म्हणायची, पुण्याकडचं गिऱ्हाईक तोंडाकडं बघत राहायचं. तेही गेलं.

मी म्हटलं, गाडी घे, हत्यारं घे, शेड घे, यशराजला मी समजावतो. ती म्हणाली, “नको. माझं नाव घालू नका. दहा वर्षांत पाना धरलेला नाही. मला आता त्यातलं काही येत नाही.”

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खरं सांगत होती. तिच्या हातातनं पाना सुटला, हे माझं काम आहे, दुसऱ्या कुणाचं नाही.

इंजिन नंबर जुळत नाही तोवर गाडी कुणाच्या नावावर होणार नाही, आणि नोंद करून घ्यायला आता मागं लागणार कोण? म्हणून गाडी मोडीत काढावी. रंकाळ्यावरच्या मंडळींना कारण सांगावं, काही लपवू नये.

कलम ६. मी गेल्यावर पंचगंगेच्या स्मशानात जे करायचं ते साधं करावं. अनुजाला कळवावं, पण मला तिच्यासाठी ठेवून घेऊ नये. नाशिक लांब आहे, आणि तिनं यावं असं म्हणायचा हक्क मला राहिलेला नाही.

कलम ७. अनुजाला काही देऊ नये, असं ती स्वतः म्हणाली आहे. म्हणून तिला मालमत्ता देत नाही. फक्त एक दाखला लिहून ठेवतो. माझ्या शेडमध्ये शिकलेल्या अकरा जणांना मी तो दिला, त्यावर त्यांना कामं मिळाली. तिनं २०१५ साली जाताना मागितला नाही आणि मीही दिला नाही.

‘दाखला देतो की कु. अनुजा हंबीरराव इंगवले यांनी माझ्याकडे काम केले. त्यांनी एकटीने बसवलेले इंजिन मी स्वतः तेरा वर्षे ऐकले. त्यात मला एकही दोष काढता आला नाही. यांना काम द्यावे.’

वकीलबाई म्हणतात, कायद्यात याला काही अर्थ नाही. माहीत आहे. टाइप करा.

ठिकाण: कसबा बावडा, कोल्हापूर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार: हंबीरराव दत्ताजीराव इंगवले (डाव्या हाताचा अंगठा)

वरील मजकूर हंबीररावांना वाचून दाखवला. त्यांनी तो कबूल केला आणि आम्हा दोघांसमोर अंगठा उठवला. कलम सात त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं.

साक्षीदार १: डॉ. राजस कुलकर्णी, कसबा बावडा (सही)
साक्षीदार २: सम्राट बापूसाहेब चौगुले, कळंबा (सही)