जयराजदादाची पत्रिका

२ डिसेंबर
आले एकदाची वडूजला! बाळासोंच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात नोकरी. खुर्ची माझी, चहा त्यांचा. आई उंब्रजला एकटीच. तिला वाचता येत नाही, म्हणून दिवसभराची खबर मी बोलून रेकॉर्ड करून पाठवते. तीही शेळीच्या तक्रारी पाठवते.

५ डिसेंबर
बाळासो कॉम्प्युटरच्या जुन्या व्हायरसची आठवण, गेलेल्या पाहुण्याची काढावी तशी, काढतात. पूर्वी म्हणे तो पेनड्राइव्हमधून यायचा, फोल्डर गायब करायचा. आला की कळायचं तरी. पुढं फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारे आले. "आताचा गप बसून ऐकतोय," ते म्हणाले, "आन येतोय घरच्याच माणसाच्या नावानं." मला हसूच आलं.

९ डिसेंबर
माझ्या चुलतभावाची, जयराजदादाची, लग्नपत्रिका व्हॉट्सॲपवर आली. उघडायला ॲप घ्या म्हणे. असलं काही उघडू नका, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते. पण भावकीची पत्रिका उघडली नाही, तर मान ठेवला नाही म्हणून जन्मभर ऐकावं लागतं. उघडली. आत काहीच नव्हतं.

१० डिसेंबर
दादाचं लग्न ठरलेलंच नाही! आता तीच पत्रिका माझ्या नावानं सगळ्या पाहुण्यांना गेलीय. लाज वाटली. बाळासोंनी फोन पुसून कोरा करून दिला. सुटले बहुतेक.

१२ डिसेंबर
मावशी विचारते, सकाळी फोनवर रडत का होतीस. मी फोन केलाच नव्हता. आईला पाठवलेलं माझं सगळं बोलणं — कुणीतरी नेलंय, त्यावरून हुबेहूब माझा आवाज बनवलाय. आईला लगेच सगळं समजावून सांगितलं.

१३ डिसेंबर
माझं सिम बंद. माझा नंबर दुसऱ्याच कुणाकडं चालू.

बाळासोंच्या फोनवरून आईला लावला. ती स्टँडवर. पाटल्या पिशवीत. मी दवाखान्यात आहे म्हणे, मीच गाडी पाठवलीय म्हणे —

आई, ती मी नाही. ही मी बोलतेय. गाडीत बसू नको.

ती ठामपणे म्हणाली, "माझ्या लेकीचा फोन आला की तिचा फोटू दिसतोय. तुझा न्हाई दिसत. तिनं कालच बजावलंय मला, माझ्या आवाजात कुणीबी बोलंल, ऐकू नगंस."

गाडीचं दार लागलं. ऐकू आलं मला.

परत लावतेय. वाजतोय. कट केला. परत —

आई, उचल, मी तुझी