सहाव्या आठवड्यानंतरचे रकाने

३ मार्च, सोमवार

साठीला दोन वर्षं उरली असताना मला नवी नोकरी लागली आहे आणि शाळेच्या पहिल्या दिवशी वाटायचं तसं वाटतं आहे. पेनात शाई भरली, चष्मा दोनदा पुसला, डबा विसरून परत घरी गेले. चिमणी म्हणाली, आई, तू पोचशील तेव्हा दुपारची सुट्टी झालेली असेल.

प्रसूतिगृहाच्या तळघरातली नोंदींची खोली माझी. एक टेबल, एक दिवा, छताजवळ लांबट खिडकी. तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला तेवढ्या दिसतात. बरोबर डोक्यावर बाळांचा वॉर्ड आहे. दिवसभर कुणी ना कुणी रडत असतं आणि मला त्याची छान सोबत होते.

काम सोपं आहे. बाळंतिणींसाठी एक गोळी आहे, आठव्या महिन्यापासून बाळ सहा आठवड्यांचं होईपर्यंत घ्यायची. ताकद भरून येते, दूध चांगलं येतं. तिचा अभ्यास इथे चालला आहे. सहाशे अकरा बायकांची कार्डं आहेत, कुणाच्याही अक्षरात, चहाचे डाग पडलेली. ती मोठ्या रजिस्टरमध्ये सुवाच्य उतरवायची. मोठे डॉक्टर माझा अर्ज हातात धरून म्हणाले, बाई, असं अक्षर हल्ली बघायला मिळत नाही. मी मनात म्हटलं, सिस्टर, ऐकलंत का? कॉन्व्हेंटमधल्या तुमच्या पट्टीचे फटके अखेर कामाला आले.

६ मार्च, गुरुवार

प्रत्येक बाईची एक ओळ. पुढे रकाने: पहिला आठवडा, दुसरा, असे सहा. मग तिसरा महिना, सहावा महिना, एक वर्ष. पहिले सहा रकाने भरलेले आहेत. शेवटचे तीन सगळ्या कार्डांवर कोरे. एकूण एक.

कोऱ्या जागेचं मला फार वाईट वाटतं. सिस्टर वहीत रिकामी ओळ राहू द्यायच्या नाहीत. काही सुचलं नाही तर निदान आपलं नाव लिही म्हणायच्या, पण कागद वाया घालवू नकोस. म्हणून डॉक्टरांना विचारलं. ते हसले. सहा आठवडे झाले की बाई आपल्या घरी, आपलं काम संपलं. काही झालं असतं तर आली नसती का सांगायला? तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा, म्हणाले.

मी विचार करून ‘तक्रार नाही’ असं लिहिलं. एकाखाली एक, तीन रकान्यांत. पान कसं भरल्या घरासारखं दिसायला लागलं.

१४ मार्च, शुक्रवार

कोपऱ्यात पत्र्याचं कपाट आहे. कुलूप लावलेलं, वर चिठ्ठी: ‘उशिरा आलेले’. त्याच्या पायाशी सारखी ओल असते. आंबूस वास येतो, बाळाचं लाळेरं धुवायचं राहून गेलं की येतो तसा. चिमणीच्या लाळेऱ्यांची आठवण झाली आणि क्षणभर तो वास मला चक्क आवडला. झाडपूस करणाऱ्या मावशी दिवसातून तीनदा तिथे फडकं फिरवतात. पाइप गळतो म्हणाल्या. त्या भिंतीत पाइप नाही.

२ एप्रिल, बुधवार

माझ्या रजिस्टरवरून गोळीचं माहितीपत्रक छापून आलं. वर्षभरानंतरही एकीचीही तक्रार नाही, असं ठळक अक्षरांत. एक प्रत घरी आणली, मिरवायलाच म्हणा ना.

चिमणीला आठवा लागला. तिलाही गोळी सांगितली आहे आणि तिची कुरकूर सुरू आहे. तिचं हे जन्मापासूनचं. मोजे टोचतात, दुधावर साय आहे, उशी गरम झाली. दिवसभर चिवचिव, म्हणून तर तिच्या बाबांनी चिमणी नाव ठेवलं. गोळीला कसलासा वास येतो म्हणाली. मग माहितीपत्रक बाजूला ठेवून तिने मलाच विचारलं, आई, तू सांग, घेऊ ना?

मी म्हटलं, अगं, सहाशे बायका, एकीचीही तक्रार नाही. मी माझ्या हाताने लिहिलंय.

पाण्याचा पेलाही मीच दिला.

२२ एप्रिल, मंगळवार

कपाटाच्या ओलीचं गणित आज उलगडलं. वरच्या वॉर्डात बाळ रडलं की थोड्या वेळाने दाराच्या फटीतून एक धार खाली उतरते. पांढुरकी, दाट. रडणं थांबलं की धार थांबते. सकाळपासून सात वेळा पाहिलं.

चिमणी तान्ही असताना दुकानात कुणाचंही बाळ रडलं तरी माझे छातीवरचे कपडे भिजायचे. लाजून मी पिशवी पोटाशी धरून घरी यायचे. अंगाला कुठे कळतं बाळ कुणाचं आहे ते.

त्या धारेत आज बोट बुडवलं. कोमट होती. दहा वेळा साबण लावला, तरी जेवताना डावाच हात वापरला.

९ मे, शुक्रवार

जुनी कार्डं केव्हाच संपली. नव्याने आलेली शेवटची ओळ तेवढी उरली होती, सहाशे बारावी, चिमणीची. बसून काय करायचं म्हणून तिचेही शेवटचे तीन रकाने आजच भरून टाकले. माझं अक्षर इतकं सुंदर आजवर आलं नव्हतं. ‘नाही’ची वेलांटी तर सिस्टरांना दाखवावी अशी.

१२ मे, सोमवार

नात झाली! चिमणीसारखंच नाक. सुईण म्हणाली, जन्मल्या जन्मल्या भांडतेय कुणाशी. चिमणीने लगेच चादर खरखरीत असल्याचं सांगितलं, म्हणजे सगळं ठीक आहे.

५ जून, गुरुवार

मावशी आजारी आहेत. किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे आला. उघडायला नको होतं.

कपाट खालपासून वरपर्यंत पुडक्यांनी भरलेलं आहे. पाकिटं, खोकी, काड्यापेट्या, औषधाच्या बाटल्या. सहा आठवड्यांनंतर आलेलं सगळं. बायकांनी पत्रं लिहिली होती. आधी एक, मग दुसरं. उत्तर गेलं नाही, म्हणून त्यांनी पुरावे पाठवले. एका पत्रात लिहिलं आहे, ‘तुम्ही खरं मानत नाही म्हणून सोबत पाठवते आहे, पाहून तरी घ्या.’

सोबत केस होते. मुळांसकट, मुठीएवढे झुबके, प्रत्येक केसाच्या टोकाला कोंड्यासारखा ओला पांढरा कण. काड्यापेट्यांत दात. किडलेले नव्हेत, चांगले धडधाकट दात, मुळाशी गुलाबी चिकट काहीतरी धरून राहिलेलं. बाटल्यांत दूध, करड्या रंगाचं, आणि त्यात दोऱ्यासारखे लांब तंतू. बाटली हातात घेतली तर तंतू माझ्या बोटांच्या बाजूला सरकले. तेवढ्यात वर एक बाळ रडलं आणि सगळ्या बाटल्यांची बुचं एकदम ओली झाली.

मी कचऱ्याच्या डब्यात ओकले. तोंडातला आंबूसपणा माझा की तिथला, ते कळेना.

सगळ्या पत्रांत एकच हिशेब: त्रेचाळिसावा दिवस. आधी केस, मग दात, मग दूध. चौथं पत्र कुणाचंच नाही.

चिमणीचा आज चोविसावा.

६ जून, शुक्रवार

काल घरी गेल्याबरोबर गोळ्या मोरीत ओतल्या. चिमणी म्हणाली, मीच म्हणत होते ना. भांडायला तिला जोर आहे, देवाची कृपा.

पत्रं घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एकही उघडलं नाही. सहा आठवड्यांनंतर आलेलं मोजता येत नाही, अभ्यासाची चौकटच तेवढी आहे, असं समजावून सांगितलं. केस सगळ्याच बाळंतिणींचे जातात. मी विचारलं, असं झालेल्या बाईला औषध काय द्यायचं? ते म्हणाले, ते कुणाला ठाऊक नाही, कारण असं काही झाल्याची नोंद नाही.

मावशी बऱ्या होऊन आल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातून पत्रं घेतली, सवयीने कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ल्या मागून घेतल्या.

२३ जून, सोमवार

बेचाळिसावा दिवस. तपासणी झाली. दोघी उत्तम, असं लिहिलं. डॉक्टरांनी बाळाच्या गालाला बोट लावलं. मी ते बोट बघत राहिले.

२४ जून, मंगळवार

सकाळी उशीवर केस. सगळ्या टोकांना तो पांढरा कण. चिमणी रडली, चिडली, मला बोलली. तू लिहिलं होतंस ना, म्हणाली.

बोल बाळा. खूप बोल.

२७ जून, शुक्रवार

खालचे दोन दात. जेवताना नाही, हसताना. बाळाच्या अंगावर पडले. जावई पुसून काढत होता. दाढा हलताहेत. तोंडाला तो वास आहे, कपाटाचा.

३० जून, सोमवार

दूध करडं. तंतू आहेत. बाळाला वरचं दूध द्यायला गेले तर तोंड फिरवलं. चिमणीकडे मात्र अशी झेपावते — सुटतच नाही. ओढून काढलं तर ओठांपासून छातीपर्यंत तो लांब दोरा, तुटेपर्यंत ताणला गेला. बाळ त्याला चोखत होतं.

दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, घाबरल्या. पुस्तकं काढली. कशात काही नाही. गोळीचं नाव सांगितल्यावर त्यांनी ते माहितीपत्रक मलाच दाखवलं.

१ जुलै, मंगळवार

दात आणि दुधाची बाटली घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, आता तरी बघा, ही माझी मुलगी आहे. त्यांनी रजिस्टर मागवलं. सहाशे बारावी ओळ. बोट फिरवलं. तिसरा महिना, सहावा महिना, एक वर्ष.

“बाई, हे तुमचंच अक्षर ना?”

मावशींनी माझ्या हातातली बाटली घेतली. सवयीने.

२ जुलै, बुधवार

चिमणी आज कुरकुरली नाही. उशी भिजलेली, मान चिकटलेली, अंगभर तो वास, आणि ती शांत. मी विचारलं, दुखतंय का? नुसत्या हिरड्यांनी हसली.

“तक्रार नाही, आई.”

माझ्या मुलीने हे दोन शब्द कधी म्हटले नाहीत. लहानपणी नाही, लग्नात नाही, कळा देताना नाही. पुन्हा विचारलं. तेच. चहा गार आहे का? तेच. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि तोंड तेच म्हणतंय.

चौथं पत्र कुणाचंच नाही ते का, कळलं मला. त्यांच्याही ओळी मीच —

३ जुलै, दुपार

रजिस्टर पिशवीत घालून आणलं. कुणी अडवलं नाही. म्हातारीची पिशवी कोण बघतो.

शाई खोडायची नसते, सिस्टर म्हणायच्या. ब्लेडच्या टोकाने हलकेच खरवडायची. जावई बाळाला घेऊन बाहेर बसलाय. चिमणी आतल्या खोलीत.

तिची ओळ. मी भरलेल्या तिनांतला पहिला रकाना. ‘नाही’ तेवढा काढायचा.

वेलांटी निघाली. खपली निघावी तशी निघाली, खाली ओलं. कागद नाही तो — मऊ आहे, दबतो. करडं पाझरतंय. ब्लेडला तंतू लागले. पुसते, पुन्हा —

आतून कण्हणं. तिचं. तिचं कण्हणं, चादर टोचते तेव्हाचं.

दुसरा रकाना झाला. हात बरबटले. थांबायचं नाही. अजून सहाशे अकरा ओळी — होतील. मीच लिहिल्या, मीच —

बाहेर बाळ रडायला लागलं. पान सगळंच ओलं झालं. सगळ्या ओळींतून —

माझेही कपडे. छातीवर. पस्तीस वर्षांनी. कोमट. बघायचं नाही.

तिसरा रकाना. वेलांटी. ‘ना’ निघाला. ‘ह’ तेवढा —

निघाला.

आतून हाक आली. माझी चिमणी. केवढ्या मोठ्याने —

आई, मला —