शरबताचा रंग नव्हता तो

प्रिय रेवा,

तुला जाऊन दोन वर्षं झाली. पत्र आज लिहितेय, कारण खालच्या मजल्यावरच्या सुमनचं तान्हं बाळ ऑपरेशन होऊन आज घरी आलं.

गेल्या आठवड्यात ती त्याचं दुपटं दाखवायला वर आली होती. "भाभीजी, देखो ना, हरी उल्टी कर रहा है." डाग हिरवागार होता. "अभी अस्पताल ले जाओ, बच्चों के सर्जन के पास!" मी ओरडलेच. बाळ वाचलं. आज सुमन माझ्या पाया पडली. आणि रेवा, मला आधी आनंद नाही झाला, राग आला. हे शहाणपण तुझ्या वेळी कुठे गेलं होतं?

तुझं पोट अधूनमधून दुखायचं. "आई, पेटमध्ये मुरडतंय," म्हणायचीस आणि तासाभरात खेळायला लागायचीस. शाळा चुकवायला नाटकं करतेस, असं म्हणाले होते गं मी! बेंबीभोवती हिंग लावायचे, तेवढंच.

त्या दिवशी सकाळी तू ओकलीस. हिरवट पाणी. मी फरशी पुसून टाकली. दुपारी खसचं हिरवं शरबत मागितलंस, दोन घोट घेतलेस आणि पुन्हा ओकलीस. बाबांचा फोन आला. "रंग कसा आहे?"

"हिरवा. शरबताचा आहे," मी म्हणाले. खरंच तसं वाटलं होतं मला? की वाटून घेतलं?

संध्याकाळी तुझं पोट फुगलं, तेव्हा हॉस्पिटलला निघालो. सोडाल्याच्या चौकात रिक्षा अडकली. "आई, आलं का?" तू विचारलंस. त्यानंतर काहीच बोलली नाहीस.

सर्जन म्हणाले, जन्माआधीच आतडं जागेवर नीट बसलं नव्हतं. फार क्वचित होतं असं. त्याला पीळ पडला, रक्त थांबलं. हिरवी उलटी ही त्याचीच खूण. "थोड़ा पहले आते..." ते म्हणाले. माझ्याच पोटात होतीस ना तू तेव्हा? मला कसं कळलं नाही! अजून ओलं फडकं पिळताना हात थांबतो.

बाबा अजून म्हणतात, "शरबतानं फसवलं आपल्याला." सकाळच्या उलटीचं मी त्यांना कधी सांगितलंच नाही. कुणालाच नाही.

ते येतीलच आता ऑफिसातून. वचन देते बाळा, आज सांगेन. ऐकून ते काय करतील, ठाऊक नाही. माझ्याशी बोलायचे थांबले तरी सांगेन.

तुझी,
आई