गरुडाची उचकी

पिंपळे गुरव,
१५ जानेवारी २०२५

ती. सुमनताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र. स्वप्नाली तीन दिवस माझ्याशी बोलत नाहीये. बापाला ताट वाढते आणि निघून जाते.

चऱ्होलीजवळच्या मौजनगरीत ती दर रविवारी जाते, हे तुला ठाऊक आहे. तिथे गरुड नावाची गाडी आहे, रुळावरून उंच चढते आणि धाडकन खाली येते. बत्तीस वर्षांची, नोकरी करणारी बाई तिच्यात पुन्हा पुन्हा का बसते ते बघावं, म्हणून या रविवारी मीही गेलो. पंधरा जणांचं मंडळ आहे, सगळे पिवळ्या टी-शर्टात. निघोज्याचा भीमराज तिसरी शिफ्ट संपवून घरी न जाता थेट तिथे येतो. पुढची सीट चांगली की मागची, यावर शहाणी माणसं अर्धा तास भांडली. गरुडाच्या वाढदिवसाला केक असतो. फेऱ्यांची वही असते, त्यात स्वप्नालीच्या दोनशे नव्व्याण्णव. मी देवळाबाहेर चपला राखणाऱ्यासारखा सगळ्यांच्या बॅगा धरून खाली उभा होतो.

चढताना गाडी मागे घसरू नये म्हणून तिच्या पोटाखाली खटका असतो, तो रुळामधल्या दात्यांवर टकटक पडत जातो. एकतिसाव्या दात्याला टक आलीच नाही, आणि नेमके तिथेच सगळे हात वर करून काहीतरी ओरडले. मंडळ त्याला गरुडाची उचकी म्हणतं. ताई, मी तीस वर्षं फिटर होतो. दाता गेल्याशिवाय टक चुकत नाही. मी तिथल्या इंजिनिअरला गाठलं, त्याने स्वतः ऐकलं आणि गाडी बंद केली. तेव्हा स्वप्नाली तीनशेव्या फेरीसाठी रांगेत पहिली उभी होती.

माझं काय चुकलं ते कळव. तुझी माया आहे म्हणूनच विचारतो.
तुझा,
रंगराव

औसा,
२४ जानेवारी

चि. रंगरावास अनेक आशीर्वाद.

केलंस ते बरोबरच केलंस. लेकरं वर बसलेली असताना गप्प राहणारा तू नाहीस. पण पोरीला नावं ठेवताना जरा स्वतःकडे बघ. खंडेनवमीला घरचा नैवेद्य सोडून कारखान्यातल्या सात नंबरच्या प्रेसला हार घालायला कोण पळायचं? कुसुम पुरणाचं ताट झाकून तीन-तीन वाजेपर्यंत नवऱ्याची वाट बघत बसायची. रिटायर झालास त्या दिवशी त्या लोखंडाला धरून रडलास, हेही तिनेच मला सांगितलं. खाण तशी माती, बाबा.

आणखी एक. कुसुम जाऊन तीन वर्षं झाली, तुझ्या एका पत्रात तिचं नाव नाही. मिठाची गुळणी धरून किती दिवस बसणार? तुला वाईट वाटेल, पण मोठी बहीण आहे, मीच बोलणार. उचकीला ती काय ओरडते ते आधी विचार.

गुडघ्याला तेल लाव. पत्राला उशीर केलास तर माझ्याशी गाठ आहे.
ताई

पिंपळे गुरव,
२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

स्वप्नालीला विचारायचा धीर झाला नाही, भीमराजला विचारलं. उचकी लागली म्हणजे कुणीतरी आठवण काढतंय, असं आपण म्हणतो ना, म्हणून त्या जागी जो तो आपल्या गेलेल्या माणसाला हाक मारतो. भीमराज आजीला हाक मारतो, प्रभावतीला. आपली पोर आई म्हणते. मौजनगरी उघडली तेव्हा तिची आईच तिला पहिल्यांदा गरुडात घेऊन बसली होती. मी ओव्हरटाइमला होतो.

एक दाता तुटलेला आणि पुढच्याला चीर निघाली. दात्यांची सगळी पट्टी बदलताहेत. त्यामुळे गाडी थांबवली याचं मला वाईट वाटत नाही. पण पोरीची आईला हाक मारायची जागा मी बुजवली, याचं फार वाटतं.

तिला हे सांगता येत नाही, तुला सांगतो. सांभाळून घे.
रंगराव

पिंपळे गुरव,
२४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काल गरुड सुरू झाला. बाबा न बोलावता आले आणि बॅगा धरून उभे राहिले. मी अजून त्यांच्याशी धड बोलत नव्हते. त्यांचं बरोबर होतं हे कळत होतं, म्हणून तर जास्तच राग येत होता.

गाडी चढायला लागली. टकटक शिलाई मशीनसारखी सरळ, कुठेच अडखळेना. हात कधी वर करायचे ते कुणाला कळेना, सगळे एकमेकांकडे बघताहेत. मी खाली पाहिलं. बाबा डोळे मिटून ओठांनी दाते मोजत होते. एकतिसाव्याला त्यांनी बॅगांसकट हात वर केला आणि ओरडले. ते बघून गाडीतल्या आम्हा सगळ्यांचे हात वर गेले. मी आई म्हणाले. वहीत तीनशे लिहिलं.

वर काही ऐकू आलं नव्हतं. दुसऱ्या फेरीसाठी खाली थांबलेल्या, मंडळातल्या रुपालीने नंतर सांगितलं. आत्या, आईला ते जन्मभर अगं म्हणाले. काल सगळ्या लोकांत त्यांनी कुसुम अशी हाक मारली.

परतताना दोघं बोललो. पिवळा टी-शर्ट घालणार नाही म्हणतात, पण रविवारी किती वाजता निघायचं ते विचारून ठेवलंय.

तुझी माया अशीच असू दे.
स्वप्नाली